मदत हवी आहे : कायमची जवळ राहील अशी गिटार निवडायची आहे, तुमची लाडकी कुठली आणि का?

नमस्कार मंडळी,

गिटार वाजवणाऱ्यांसाठी धागा काढतेय, इतरांनीही वाचायला हरकत नाही. बरीच वर्षं वाजवतेय, गाण्याला साथ करणं आणि थोडंफार फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडत), सगळं घरीच, स्टेजवर वगैरे नाही. माझ्याकडे स्टीलच्या तारांची अकूस्टिक आहे, ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या बॉडीची, आवाज एकदम भरदार, दिसायलाही छान, तक्रार करावी असं काही नाही पण हल्ली ती केसमधून बाहेरच निघत नाही. अर्धा तास वाजवलं की उजवा खांदा भरून येतो आणि एफची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायची) आली की हात आपोआप आखडतो.

आता खरी गोष्ट. मध्यंतरी मैत्रिणीची एक लहान बॉडीची जुनी गिटार माझ्याकडे ठेवायला होती. तिचं नाव वगैरे हेडस्टॉकवरून (टोकाच्या खुंट्यांच्या भागावरून) कधीच पुसलं गेलंय, एका बाजूला पॉलिश उडालंय, वरच्या लाकडाला पिवळसर मधासारखा रंग चढलाय. पण नेकच्या (दांडीच्या) मागे जिथे अंगठा टेकतो ना तिथलं लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हात वर-खाली करताना कुठे अडकतच नाही, आणि तिसरी तार नुसती मोकळी छेडली तरी ती मागची पाटी छातीला लागून थरथरते ते जाणवतं. मी दिवसातून चार वेळा उगाचच उचलायचे तिला. चहा टाकलाय तोवर दोन कॉर्ड, फोन यायचाय तोवर दोन कॉर्ड असं. ती परत गेली आणि तेव्हापासून मला चैन नाही. विकत मागितली, मैत्रीण देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे, मीही दिली नसती.

तर आता स्वतःसाठी एक घ्यायची आहे, शेवटची म्हणून, परत बदलायची नाही. पण "चांगली गिटार कुठली" असा प्रश्न मला विचारायचाच नाहीये, त्याची उत्तरं ढिगाने मिळतात आणि सगळी लाकडं, पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) आणि ब्रँडच्या नावांवर जाऊन थांबतात. मला हे विचारायचंय की तुमच्याकडे दोन-चार गिटार असतील तर हात आपोआप कुठलीकडे जातो आणि का?

मोठ्या वादकांच्या वाद्यांबद्दल खूप वाचलं या निमित्ताने. कंट्री गायक विली नेल्सनची 'ट्रिगर' घ्या, मार्टिन कंपनीची एन-२०, १९६९ साली घेतलेली. ती मुळात क्लासिकल ढंगाची, नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची, म्हणून तिला पिकगार्डच (तार छेडायच्या चकतीचे, म्हणजे पिकचे, ओरखडे झेलणारी पट्टी) नाही, आणि हा माणूस तिच्यावर पिक चालवत राहिला तो इतका की साउंडहोलशेजारी लाकडाला चक्क दुसरं भोक पडलं. तरी तीच. ब्लूजवाल्या बी. बी. किंगने १९४९च्या हिवाळ्यात आग लागलेल्या डान्स हॉलमध्ये परत शिरून गिटार बाहेर आणली, मग कळलं की दोघा जणांच्या मारामारीत रॉकेलचा पेटता पिंप उलटला होता आणि भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गिटारचं नाव ल्युसिल. आणि क्वीन बँडच्या ब्रायन मेची 'रेड स्पेशल', ती तर बापलेकांनी १९६३ मध्ये घरीच बनवायला घेतली, नेकला जुन्या फायरप्लेसचं महोगनी आणि ट्रेमोलोला (सूर हलवणाऱ्या दांडीला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा.

या सगळ्यांत मला एक गोष्ट दिसते की यातली एकही गिटार 'सर्वांत उत्तम' म्हणून निवडलेली नाही. जीव नंतर जडला, वाजवून वाजवून. आणि नेमकी इथेच माझी अडचण होते, कारण मैत्रिणीच्या गिटारचं मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. मग दुकानात पंधरा गिटार समोर असताना मी नक्की काय शोधू? पाच मिनिटांतलं ते कळणं खरं मानायचं का? जाणकारांनी कृपया सांगा, आणि अनुभव लिहाल तर थोडं बारकाईने लिहा, "सूर छान आहे" एवढ्यावर सोडू नका. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

टेलिकास्टर, फेंडरची इलेक्ट्रिक. अकूस्टिक विचारताय माहितीये पण 'हात कुठे जातो' विचारलंत म्हणून लिहितो. दोन नॉब आणि एक तीन पोझिशनचा स्विच, संपलं. लिओ फेंडरने १९५०च्या सुमारास जे बनवलं त्यात अजून फारसा बदल करावा लागलेला नाही. ब्रिजचा (बॉडीवर तारा टेकतात तिथला) पिकअप धातूच्या पट्टीवर बसवलेला असतो, त्याने जो खणखणीत चावा येतो ना तो कुठे लपत नाही, तुम्ही एक नोट कच्ची लावलीत तर ती कच्चीच ऐकू येते. मला तेच आवडतं. व्हॉल्यूम थोडा कमी केला की तीच गिटार गोड बोलायला लागते, पेडल बिडल काही नको. माझ्याकडे हिच्यापेक्षा महागडी एक आहे, ती आठवड्यातून एकदा निघते, टेली मात्र सोफ्यावर कायम पडलेली असते.

प्रतिसाद

ताई, प्रश्न फार आवडला, पण नवीन घ्यायच्या आधी एक काम करा, आहे ती मोजा. तुम्ही खांदा आणि एफ कॉर्ड या दोन गोष्टी लिहिल्यात ना, त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यातली एक बहुतेक सेटअपने (गिटारची नीट जुळवणी करून) जाईल.

आधी एफचं बघू. सहावी (सगळ्यात जाड) तार तिसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट राहते ते बघा, जेमतेम कागद जाईल इतकी असायला हवी. तिथे ढळढळीत फट दिसली तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत, आणि मग पहिल्या फ्रेटवरची बार कॉर्ड जगातल्या कुणालाही जड जाईल, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. मग बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजा, स्टीलच्या अकूस्टिकला साधारण अडीच मिमीच्या आत असेल तर हाताला हलकी वाटते, पातळ तारेला पावणेदोनच्या आसपास. जास्त निघाली तर सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) खालून घासावं लागतं, आणि लक्षात ठेवा, बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचं तर सॅडल २ मिमी खाली यावं लागतं कारण तो फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्याआधी नेकचा बाक बघून घ्यायचा, पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबून सातव्यापाशी पाव मिमीच्या जवळपास फट असली की ठीक. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) बाकासाठी असतो, तारांची उंची कमी करायला तो पिळू नका, आणि हे सगळं जमत नसेल तर कारागिराकडे द्या.

आता खांदा. हे मात्र सेटअपने जाणार नाही. ड्रेडनॉट मूळची १९१६ची, त्या काळच्या अवाढव्य ब्रिटिश युद्धनौकेवरून नाव पडलं, खालची रुंदी साधारण ३९७ मिमी आणि खोली १२० मिमीच्या वर. ओएम किंवा ट्रिपल-ओ या मार्टिनच्या लहान आकारांची रुंदी ३८१ आणि खोली १०५ च्या आसपास. रुंदीत फरक किरकोळ वाटेल पण खोलीतले ते १५-२० मिमी म्हणजे तुमचं कोपर किती बाहेर उचललं जातं ते, खांदा तिथेच भरतो. शिवाय ड्रेडनॉटची कंबर फारशी आत गेलेली नसते त्यामुळे बसून वाजवताना मांडीवर ती वरच राहते. मैत्रिणीची लहान होती म्हणालात, माझ्या मते तुम्ही त्या लाकडाच्या प्रेमात नाही पडलात, त्या आकाराच्या पडलात.

माझी स्वतःची लाडकी ओएमच आहे. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवाल्याने मार्टिनकडून चौदा फ्रेट बॉडीबाहेर असलेली गिटार मागून घेतली, त्यातून हा आकार आला. मला ती का आवडते तर सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. ड्रेडनॉटला खर्ज इतका असतो की जोरात स्ट्रम करणाऱ्याला स्वर्ग, पण अंगठ्याने बेस आणि बोटांनी धून अशी वाजवायला गेलं की खालचं वरच्याला झाकतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं! मोजलं. बाराव्या फ्रेटवर सहावी तार सव्वातीन मिमी निघाली आणि नटपाशीची फट तर नखाएवढी आहे. म्हणजे एफचं दुखणं तिथलंच. बाक ठीक वाटला. कारागिराकडे टाकतेय.

पण "आकाराच्या प्रेमात पडलात" हे वाचून विचारात पडलेय, कारण ते अर्धंच पटतंय. त्याच आकाराची एक नवीकोरी मी नंतर दुकानात वाजवून पाहिली, मांडीवर अगदी तशीच बसली, पण नेक वेगळा होता, मागून सपाट, आणि पाच मिनिटांत अंगठ्याला कळ लागली. मैत्रिणीच्या गिटारचा नेक मागून जरा भरीव, मधोमध उंचवटा असलेला. तेव्हा मला वाटतं नेक आधी, आकार त्यानंतर आणि आवाज तिसरा. तुम्हा लोकांचा क्रम काय?

प्रतिसाद

क्लासिकलवाला बोलतोय. माझा क्रम तुमच्यासारखाच, नेक आधी. आमच्याकडे नट ५२ मिमी, स्टीलवाल्यांकडे ४३ ते ४४.५, आणि लोकांना वाटतं रुंद नेक म्हणजे लहान हातांना त्रास. पण बोटं मोकळी पडतात, एका बोटाचा धक्का शेजारच्या तारेला लागत नाही, त्यामुळे लहान हाताच्या कित्येकांना उलट सोपं जातं. क्लासिकल वादक सेगोवियाने १९३७ची हाउझर (जर्मन कारागिराची गिटार) पंचवीसेक वर्षं वाजवली, आता ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. माझी काही तशी नाही, पण सीडरचं टॉप आहे आणि हळू छेडलं तरी लगेच उत्तर देते, मला रात्री उशिरा वाजवायला मिळतं, घरच्यांची झोप मोडत नाही, म्हणून ती लाडकी. एकदा नायलॉन वाजवून बघाच. फक्त एक, आवडलीच तर पुढे कधी तिला स्टीलच्या तारा लावू नका, तो ताण क्लासिकलच्या टॉपला सोसत नाही, ब्रिज उखडतो.

प्रतिसाद

मी ३३५ वाला, म्हणजे गिब्सनची इलेक्ट्रिक, १९५८चं डिझाइन, मध्ये मेपलचा भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजू पोकळ. कारण एकच, ॲम्प न लावताही ती थोडी वाजते. इतकी हळू की फक्त मला ऐकू येते पण लाकडाला जाग आहे हे पोटाला कळतं, तुम्ही ती छातीला थरथरते म्हणालात ते वाचून लगेच ओळखलं. पाच मिनिटांतलं कळणं खरं माना. फक्त दुकानात तीच तीन गाणी वाजवा जी तुम्ही घरी रोज वाजवता, दाखवायची नाहीत. आणि गिटार नवी असली तरी दुकानात तिच्या तारा जुन्या झालेल्या असतात, आवाजावरून लगेच बाद करू नका, नेकवरून करा.

धागाकर्ती

ड्रेडनॉट परत आली. एफ वाजतो, सहज! ती विकणार नाहीये आता, उभ्याने स्ट्रम करायला ठेवते. आणि बसून वाजवायला लहान आकाराचीच घ्यायची हे पक्कं झालंय, दोन शॉर्टलिस्ट केल्यात, दोन्हींचा नेक मागून भरीव, नट ४४.५. एका गोष्टीवर घोडं अडलंय. एकीचं स्केल (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) २४.९ इंच आणि दुसरीचं २५.४. छोटं स्केल हाताला लोण्यासारखं लागतं, पण मी बरंचसं सहावी तार डी ला उतरवून वाजवते, मग ती सैल पडून फ्रेटवर फडफडेल का? कुणी दोन्ही वापरल्या असतील तर सांगा.

प्रतिसाद

दोन्ही आहेत घरी. तारा त्याच आणि सूर तोच ठेवला तर २४.९ वर ताण साधारण ४ टक्क्यांनी कमी भरतो, बोटांना तोच मऊपणा जाणवतो. पण तुम्ही सहावी तार ई वरून डी ला आणता तेव्हा ताण २० टक्क्यांहून जास्त उतरतो, म्हणजे सैलपणा येतो तो मुख्यतः ट्यूनिंगमुळे, स्केलचा वाटा त्यात थोडा. तेव्हा स्केलवर अडू नका, हाताला गोड लागली ती घ्या, आणि तारांचा सेट बाराचाच (पहिली तार ०.०१२ इंच जाड) ठेवून सहावी तेवढी ०५३ ऐवजी ०५६ लावा, उतरलेला ताण निम्म्याच्या आसपास भरून निघतो. तार जाड झाली की नटची खाच थोडी रुंद करावी लागेल, नाहीतर ट्यून करताना ती तिथे अडकून टक्‌ टक्‌ करत सरकते. सेटअप करून घ्याल तेव्हा ती तार लावूनच द्या, आणि डी ट्यूनिंगमध्ये वाजवणार आहे हे कारागिराला आधी सांगा म्हणजे तो उंची त्या हिशोबाने ठेवेल.