होंडा फिटचं इंजिन विमानाला लावावं का? (झेनिथ ७५०)

उडाणटप्पू (डेटन, ओहायो)

मंडळी, नमस्कार. माझं रिव्हेट-पुराण इथे काहींनी आधी वाचलं असेल. झेनिथ सीएच ७५० बांधतोय. दोन सीटचं, पंख डोक्यावर, गवताच्या छोट्या पट्टीवरून उठणारं. शेपूट झालं, दोन्ही पंख झाले, ते बेसमेंटच्या भिंतीला टांगलेत. गॅरेजात सांगाडा उभा आहे आणि गाड्या बाहेर बर्फ खातायत. इंजिन ठरल्याशिवाय फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) पुढे काहीच करता येत नाही, म्हणून हा धागा.

ओळखीच्या एका मेकॅनिककडे मागून ठोकलेली होंडा फिट आलीय, २०११ ची. इंजिनाला ओरखडाही नाही. १.५ लिटर, ६६०० आरपीएमला ११७ एचपी. आठशे डॉलरला देतोय. नव्या रोटॅक्स ९१२ ची किंमत मी आता बघणंच सोडलंय. जुनं काँटिनेंटल ओ-२०० मिळतं, पण ओव्हरहॉल धरला की तेही हाताबाहेर जातं. कोणी कॉर्व्हेअर गाडीचं इंजिन म्हणतं, कोणी फोक्सवॅगनचं.

माझा प्रश्न सरळ आहे. हे इंजिन गाडीत दोन लाख मैल कुरकुर न करता चालतं, मग विमानात का चालू नये? आरपीएम उतरवायला गिअरबॉक्स लागेल, तो मी स्वतः डिझाइन करीन. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ओळखीत चांगलं मशीन शॉपही आहे.

सांगलीहून बाबा दर रविवारी विचारतात, "काय रे, रिक्षाचं इंजिन बसवणार म्हणे?" त्यांना काय सांगू?

वैमानिक_नव्हे

बाबांचं सोडा. वहिनींना आठशे डॉलर म्हणून सांगितलं असेल, तर ते वाक्य आत्ताच मागे घ्या.

पाना१३ (विस्कॉन्सिन)

उडाणटप्पू, होंडाच्या त्या इंजिनाला मी नावं ठेवणार नाही. माझी उमेदीची वर्षं पुण्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेली. थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन शेकडो तास पळवायचं आणि काय, कधी, कुठून तुटतं ते बघायचं, यावर घर चालायचं. हायवेवर गाडीला वीसेक एचपी पुरतात आणि विमान मात्र टेक-ऑफला सगळी ताकद मागतं, नंतर तासन् तास पाऊणपट, हे तुम्हाला प्रत्येक हँगरमध्ये ऐकवतील. खरंच आहे ते. पण धड बनवलेलं गाडीचं इंजिन तेवढं सोसतं, मी ते रोज बघत होतो. मला धास्ती आहे ती तुम्ही त्याला जे जे जोडणार आहात त्याची. आणि त्यातही पहिली धास्ती त्या गिअरबॉक्सची, ज्याचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात.

आधी गिअरबॉक्स लागतो का ते बघू. तुमच्या विमानाला साधारण १.८ मीटरचा पंखा (प्रॉपेलर) लागेल. तो ६६०० आरपीएमला थेट फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ६२० मीटरच्या वर जातो. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा गोंगाट, ओढ जवळजवळ नाही. तोच पंखा २३०० ला फिरवा, टोक २१७ मीटरवर येतं, झकास. तेव्हा गिअरबॉक्स हवाच. रोटॅक्सनेही तेच केलंय, त्याच्या ८० एचपीच्या इंजिनात २.२७ चा गिअर आहे.

आता खरी मेख. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोन धक्के देतं. गाडीत ते धक्के फ्लायव्हील, क्लचच्या स्प्रिंगा, लांब शाफ्ट, टायर असे वाटेत जिरत जातात. विमानात गिअरच्या पलीकडे लगेच जड पंखा असतो, आणि तो वेग बदलायला अजिबात राजी नसतो. मधला शाफ्ट एकदा इकडे पिळला जातो, एकदा तिकडे. त्या पिळाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारिता असते. इंजिनाचे धक्के तिच्याशी जुळले की दात, स्प्लाइन, बोल्ट, सगळं भराभर थकतं, यालाच अनुनाद म्हणतात. टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) सरासरी आकड्यावरून केलेलं डिझाइन तिथे कुचकामी ठरतं, कारण क्षणिक टॉर्क सरासरीच्या कितीतरी पट असतो, आणि अनुनाद गाठला तर वर जाऊन उलटाही होतो. सॉलिडवर्क्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्ये, गिअर सुरेख दिसतील. पण शाफ्टवर स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) चिकटवून आयडलपासून पूर्ण आरपीएमपर्यंत पीळ मोजणार आहात का? मोजणार नसाल तर पहिलं मोजमाप हवेत होईल.

तुम्ही डेटनचे, म्हणून एक गोष्ट सांगतोच. राईट बंधूंनी आधी इंजिन बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली होती. हवं तितकं हलकं इंजिन कोणाकडेच मिळेना, म्हणून त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलरने अॅल्युमिनियमच्या क्रँककेसचं १२ एचपीचं इंजिन घडवलं. त्यातून साखळ्यांनी दोन पंखे फिरवायचे, म्हणजे आरपीएम उतरवणं तेव्हाही आलंच. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकला चाचणी घेताना इंजिन अडखळत पेटलं आणि त्या हिसक्यांनी पंख्यांचे पोकळ शाफ्ट खिळखिळे झाले. दुरुस्त होऊन आलेल्यांपैकी एकाला पुन्हा तडा गेला. मग ऑरव्हिल स्वतः डेटनला जाऊन स्प्रिंग स्टीलचे भरीव शाफ्ट करून घेऊन आला, तेव्हा कुठे १७ डिसेंबर, पहिल्या उड्डाणाचा दिवस, उजाडला. तुमच्या गॅरेजपासून ते दुकान किती लांब होतं ते बघा एकदा.

आणि हे फक्त हौशी लोकांचं दुखणं आहे असंही समजू नका. जर्मनीच्या थीलर्टने मर्सिडीज ए-क्लासच्या १.७ लिटर डिझेलवरून विमानाचं इंजिन केलं, रीतसर प्रमाणपत्र मिळवलं. मूळ इंजिन उत्तम. पण गिअरबॉक्स दर ३०० तासांनी उतरवायला लागायचा. क्लच, प्रयोगशाळा, पगारी इंजिनिअर, सगळं असून ही गत.

दुसरी गोष्ट रेडिएटर. पंख्याला जितकी ताकद मिळते, ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. विमानात सगळ्यात वाईट वेळ कुठली? टेक-ऑफनंतरची चढण. थ्रॉटल पूर्ण आणि वेग सगळ्यात कमी. तुमचं ७५० तर मुद्दाम हळू चढणारं विमान. लोक रेडिएटर मोठा करत जातात, ते चुकीच्या टोकाने सुरू करणं झालं. आत येणारी हवा आधी पसरून मंदावली पाहिजे, मग जाळीतून गेली पाहिजे, आणि बाहेर पडायला तिला मोकळी वाट पाहिजे. बाहेरची वाट कोंडलेली असेल तर पुढून कितीही भोक पाडा.

तिसरी, वायरिंग. ओ-२०० ला दोन मॅग्नेटो (स्वतःच वीज तयार करून ठिणगी देणारी यंत्रं) असतात, बॅटरी काढून फेकली तरी ठिणगी पडते. होंडाला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हवा, कॉइल हव्यात, दाबाचा पेट्रोल पंप हवा. वीज गेली की इंजिन गेलं. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन ईसीयू, आणि दोन्ही ईसीयूंना वेगवेगळ्या वाटेने वीज. अर्थिंग एकाच बोल्टवर आणलंत तर बाकीचं सगळं दुहेरी करून उपयोग शून्य. गाडीचा मूळ ईसीयू तर ठेवूच नका. एखादा सेन्सर बिघडला की तो इंजिनाला जपण्यासाठी ताकद कापतो. गाडी कडेला घेता येते. दोनशे फुटांवर समोर झाडं असताना तुम्हाला इंजिन जळालं तरी चालेल, पण आणखी एक मिनिट ताकद हवी असते. शिवाय इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं कुलूप, आहेच. चावी नाही म्हणून विमान सुरू होईना, हे नाटक हँगरात एकदा बघून झालंय.

मी स्वतः फोक्सवॅगनचं इंजिन उडवतो, २१८० सीसी, सॉनेक्स नावाच्या घरी बांधलेल्या छोट्या विमानावर. गिअरबॉक्स नाही, पाणी नाही, पंखा थेट क्रँकवर. पंखा लहान, म्हणून ३४०० आरपीएमपर्यंत टोक आवाजाच्या वेगाखाली राहतं. मोटर-ग्लायडरसाठी लिम्बाख आणि सॉअर यांनी याच घराण्यातून प्रमाणित इंजिनं काढली. मात्र कागदावरचे ८० एचपी सलग मागायचे नाहीत, कारण सिलिंडर हेड थंड करणाऱ्या पात्या मुळात छोट्या गाडीसाठी केलेल्या आहेत. जुलैच्या दुपारी मी पाचशे फुटांवर नाक खाली घेतो, हेडचं तापमान उतरू देतो, मग पुढे चढतो. तुमच्या जाड पंखांच्या विमानाला ते पुरणार नाही, त्याला शंभर एचपीच हवेत.

राहिलं कॉर्व्हेअर, आणि तुमच्या जागी मी तेच बघेन. शेव्हरोलेची १९६० ते ६९ मधली गाडी, सहा सिलिंडर आडवे, हवेने थंड होणारं, २.७ लिटर, पंखा थेट. बर्नार्ड पिटनपोलने मिनेसोटात १९२९ साली फोर्ड मॉडेल ए चं इंजिन आपल्या एअर कॅम्परला लावलं होतं; साठच्या दशकात तोच माणूस कॉर्व्हेअरकडे वळला. दोन्ही वेळा त्याने गिअर टाळले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कॉर्व्हेअरचं दुखणं माहितीतलं आहे: नाक वळलं की फिरणारा पंखा क्रँकला वाकवू बघतो, आणि गाडीच्या क्रँकला तसल्या भाराची सवय नाही. क्रँक तुटले, विमानं शेतात उतरली, मग क्रँक नायट्राइड करणं (पृष्ठभाग कठीण करणं) आणि पुढे पाचवं बेअरिंग बसवणं आलं. हे दुखणं दुसऱ्यांनी भोगून, उपाय शोधून, लिहून ठेवलंय. तुमच्या गिअरबॉक्सचं दुखणं अजून कोणालाच माहीत नाही.

होंडाच हवं असेल, तर फ्लोरिडात वायकिंगवाले फिटच्याच इंजिनावरून गिअरबॉक्ससकट तयार संच करायचे. ७५० वर तो बसवलेले लोक आहेत. त्यांना गाठा आणि किती तासांनी काय बदललं ते विचारा. विक्रेत्याला विचारू नका.

उडाणटप्पू

पाना१३ काका, दंडवत. राईट बंधूंचं शाफ्ट-प्रकरण इतकी वर्षं डेटनमध्ये राहून माहीत नव्हतं, उद्याच म्युझियमला जातो. पण थोडं भांडू द्या. पिळाचं गणित मला येतं. मध्ये रबरी कपलिंग घातलं, फ्लायव्हील ठेवलं, लाकडी हलका पंखा लावला, तर ती वारंवारिता आयडलच्या खाली ढकलता येईल की!

पाना१३

येईल. वाट तीच आहे. पण मग इंजिन सुरू करताना आणि बंद करताना प्रत्येक वेळी तुम्ही त्या टापूतून जाणार, रबर गरम होणार, आणि उन्हाळ्यात त्याचा ताठपणा जानेवारीपेक्षा वेगळा असणार. जमिनीवर ट्रेलरला बांधून शंभर तास चालवा, मग उघडून दात बघा. दोन वर्षं याच कामाला द्यायची तयारी असेल तर जरूर करा, त्याचीही मजा आहे. उडायची घाई असेल तर नको. शिवाय प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला चाचणीचे २५ तास लागतात, तुमच्यासारख्या जोडीला ४०, तेही ठरवून दिलेल्या हद्दीत.

धुळेकर

मस्त धागा. आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये कॅप्टन अमोल यादवांचं विमान उडालं होतं, कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं. नोंदणीसाठीच माणसाची वर्षं गेली, ती २०१७ ला मिळाली. इंजिनापेक्षा आमच्याकडे कागद जड. पाना१३, आपल्या एस्टीम आणि जिप्सीतलं १.३ लिटरचं जी१३ अमेरिकेत कोणी विमानाला लावतं का?

पाना१३

लावतात. इथे ते जिओ मेट्रो गाडीत यायचं. हलकं आहे, छोट्या विमानांवर रेव्हन कंपनीचे रिडक्शन ड्राइव्ह (आरपीएम उतरवणारे संच) लावून बरेच उडाले. तुमच्याकडे मात्र पंपावरचं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बघा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि फायबरच्या टाकीचं रेझिन, जुने रबरी पाइप यांना ते मानवत नाही.

उडाणटप्पू

ठरलं. होंडा सोडतोय. इथून दोन तासांवर एकाकडे कॉर्व्हेअरचा गाभा, म्हणजे उघडून नव्याने बांधायचं जुनं इंजिन, आहे, शनिवारी बघायला जातो. क्रँक तपासायला काय काय नेऊ? आणि पंखांतल्या टाक्यांतून पेट्रोल आपोआप खाली येईल, पंप नकोच ना?

पाना१३

काही नेऊ नका, तो क्रँक खराब आहे असं धरूनच भाव करा. नंतर मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने बारीक तडे शोधणारी तपासणी) करून घ्या. केसवरचा नंबर आणि हेडवरचे नंबर फोटोत घ्या, इथे टाका. ११० एचपीचे हेड असले तर चांगलं. स्टड गंजलेले असतील तर हातोडा लावू देऊ नका त्याला.

पेट्रोलचं: कार्ब्युरेटर वापरलात तर उताराने येईल, पण मोजल्याशिवाय मानायचं नाही. शेपूट खड्ड्यात घालून नाक चढणीच्या कोनाहून थोडं जास्तच वर करा, टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवून बादलीत धरा आणि घड्याळ लावा. इंजिनाला पूर्ण ताकदीवर जितकं लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे. पंप असेल तर सव्वापट चालतं. आणि पुढे इंजेक्शनचा मोह झालाच, तर उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी कुठल्या टाकीत जाणार ते आधी कागदावर काढा. डावीकडून घेऊन उजवीकडे सोडलंत, तर भरलेली उजवी टाकी वाहून जाईल आणि डावी कोरडी पडेल.