१/७२ नॅटसाठी भारतीय हवाई दलाची डीकल्स – मदत हवी आहे

नॅट या लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं सिंगल सीटर मॉडेल बनवतोय, १९७१ चं श्रीनगरचं १८ स्क्वॉड्रन, म्हणजे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचं. किट जुनं आहे, डीकल्स (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं) पिवळी पडलीत. कडेचं एक बिनकामाचं डीकल पाण्यात सोडून पाहिलं तर पापडासारखे तुकडे झाले, म्हणून बाकीचा शीट तसाच ठेवलाय. लिक्विड डीकल फिल्मचा हात मारला तर तुकडे होणार नाहीत हे माहितीये पण पिवळेपणाचं काय, आणि राउंडेलच्या (हवाई दलाचं गोल चिन्ह) पांढऱ्या रिंगवर तो लगेच डोळ्यात भरतो.

मग इंकजेटवर ट्रान्सपरंट डीकल पेपरवर राउंडेल छापले, वरून ॲक्रिलिक लॅकर मारलं. काळे सिरियल नंबर झकास आले. पण घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे हिरव्या कॅमोफ्लाजवर पांढरी रिंग गायब आणि केशरी रंग मातकट दिसतो. पांढऱ्या पेपरवर छापलं तर कापलेली कड दिसते.

मॉडेलवर ग्लॉस कोट झालाय, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल (डीकल नीट बसवायची आणि मऊ करायची द्रावणं) दोन्ही आहेत. एअरब्रश नाही, ब्रशनेच रंगवतो. बाहेरून आफ्टरमार्केट (किटशिवाय वेगळं मिळणारं) शीट मागवायचं तर शिपिंगच शीटपेक्षा महाग पडतं, म्हणून तो पर्याय शेवटचा.

आता सांगा, राउंडेलखाली आधी पांढरा गोल रंगवून त्यावर ट्रान्सपरंट डीकल लावू, की पांढऱ्या डीकलचा गोल कापून त्यावर दुसरं चढवू? दोन थरांवर मायक्रो सोल चालतं का? आणि पुण्या-मुंबईत पांढऱ्या शाईत डीकल छापून देणारं कोणी आहे का?