श्रीलंकेत समुद्रात उतरताना: अनुभव धागा

श्रीलंकेला जाणारे आधी हॉटेल ठरवतात, मग समुद्र. तिथल्या पाण्यात नेहमी उतरणाऱ्यांनी नेमकं लिहावं: कुठला महिना, कुठला किनारा, काय चुकतं. किस्से नकोत, माहिती हवी.

* * *

आधी महिना बघा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे हिक्कडुवा, बेंटोटा, मिरिस्सा ही पश्चिम-दक्षिण बाजू खवळलेली असते. तेव्हा पूर्वेला निलावेली, पासिकुडा गाठावं. डिसेंबर ते मार्च नेमकं उलट. पासिकुड्याला बरंच आत गेलं तरी पाणी उथळच, मे ते सप्टेंबरात लहान मुलं बरोबर असतील तर दुसरीकडे जाऊच नका. अरुगम बे पूर्वेलाच, पण त्याच महिन्यांत तिथे सर्फिंगच्या लाटा असतात, हे विसरू नका.

* * *

महिना बरोबर असला तरी ओढ असतेच. वाळूवर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतायत, मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा आणि त्यातून फेस आत चाललाय, तो रिप करंट. लाटांनी आणलेलं पाणी तिथून परत जातं. नवखा माणूस हमखास तिथेच उतरतो, कारण लाट नाही! सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत बसू नका, पट्टीचा पोहणाराही दमतो. ओढ लांब नेते, खाली खेचत नाही. उताणं तरंगा, हात वर करा, अंगात पुन्हा ताकद आली की किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटतात तिथून परत या. दुसरा बुडत असेल तर आधी झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, पाण्यात उडी नको.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहावं. नुसता लाल झेंडा असेल तर बाहेर.

* * *

भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन बसू नका. तिथे फरक मीटरभरही नसतो. वारा आणि लाट बघा.

* * *

पोल्हेना, हिक्कडुव्याला प्रवाळ आहे, रबरी तळव्याचे बूट घाला. सी अर्चिनचा (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) काटा रुतला तर दिसतो तेवढा चिमट्याने सरळ ओढा. वाकडा ओढला की आतच तुटतो. मग पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या आत) अर्धा ते दीड तास. पाण्याचा अंदाज दुसऱ्या पायाने घ्या, दुखऱ्याला चटका कळत नाही. सांध्याजवळचा काटा डॉक्टरकडेच. रुग्णवाहिका १९९०, फुकट.