मदत हवी आहे: समोरच्याने हक्कसोड लपवून स्टे घेतलाय, पण आमच्याकडेही एक अडचणीचा कागद आहे

नमस्कार मंडळी, दिवाणी कोर्टातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. चुलतभावाने आमच्यावर वाटपाचा दावा टाकलाय आणि आम्हाला नोटीस यायच्या आधीच निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) एकतर्फी मनाई घेतली. दावा वाचला तर त्याने स्वतःच आमच्या वडिलांना लिहून दिलेल्या रजिस्टर्ड हक्कसोड पत्राचा त्यात उल्लेखच नाही! खाली सत्यापनावर मात्र सही ठोकलीये, सगळं खरं आहे म्हणून.

वकील म्हणतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) आदेश ३९ नियम ४ चा अर्ज देऊ, जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून मनाई घेतली असेल तर कोर्ट ती उठवतं. १९९३ चा सुप्रीम कोर्टाचा चेंगलवराय नायडू निकाल पण वाचायला दिला. त्यातही वादीने स्वतः करून दिलेलं रिलीज डीडच (म्हणजे हक्कसोड पत्रच) दडवलं होतं, हायकोर्ट म्हणालं त्याच्यावर असं सांगायचं बंधन नाही, सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं आणि ही कोर्टाचीच फसवणूक आहे म्हटलं. इथपर्यंत ठीक.

खरी गोची पुढे आहे. वडिलांच्या कागदांत त्यांच्या हातची चिठ्ठी सापडली, मोबदल्यातली काही रक्कम चुलतभावाला द्यायची राहिलीये अशी (हक्कसोडात मात्र पूर्ण पोचली असं लिहिलंय). दादा म्हणतो कशाला दाखवायची, मागितली तर बघू. मला पटत नाहीये, त्याच्यावर लपवल्याचा आरोप करायचा आणि आपल्याच कपाटात हे... तर चिठ्ठी आपणहून द्यावीच लागते का? आणि हक्कसोड रजिस्टर्ड असल्यामुळे "लपवलं कुठे, रेकॉर्डवर होतंच की" असं तो म्हणू शकतो का?

प्रतिसाद:
म्हणेल की, सगळेच म्हणतात. पण नायडूतलं डीडही रजिस्टर्डच होतं. आणि एकतर्फी आदेश मागताना समोर बोलणारं कोणी नसतं, म्हणून तर सगळं सांगायची जबाबदारी जास्त. फक्त लपवलेली गोष्ट निकालावर परिणाम करणारी हवी, तुमच्यात ती आहेच.

चिठ्ठीचं म्हणाल तर, साध्या दाव्यात विरोधात जाणारा प्रत्येक कागद आपणहून द्या असा नियम नाही, ज्यावर तुमची भिस्त आहे तो द्यायचा. (कमर्शियल दाव्यात विरोधातलेही द्यावे लागतात, तुमचा तो नाही.) पण त्याने सीपीसीच्या आदेश ११ खाली (तुमच्याकडचे कागद उघड करा असा) अर्ज केला आणि कोर्टाने मान्य केला तर शपथेवर सांगावं लागेल. त्याहून महत्त्वाचं, चिठ्ठी हातात असताना कैफियतीत (दाव्याच्या लेखी उत्तरात) 'पूर्ण मोबदला दिला' असं बिनधास्त लिहू नका, नाहीतर बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७९ (जुनं सीआरपीसी ३४०) चा, म्हणजे कोर्टात खोटं सांगितल्याबद्दल कारवाईचा, अर्ज तोच तुमच्यावर करेल. रक्कम बाकी असली म्हणून हक्कसोड सहसा आपोआप रद्द होत नाही, फारतर तो पैशाचा वाद. दादाला हे सांगा, आणि वकिलांना चिठ्ठी आजच दाखवा, त्यांच्यापासून लपवून तर काहीच साधणार नाही. कैफियत दिलीये का? समन्स मिळाल्यापासून ३० दिवस धरतात.