सात महिन्यांच्या बाळाला तूप किती द्यायचं? मेंदूसाठी फॅट खरंच लागतं का?

अनुची_आई
मुलगी परवा सात महिन्यांची झाली. सहा महिने फक्त अंगावरचं दूध होतं, आता सकाळी नाचणीचं सत्त्व आणि दुपारी मुगाच्या डाळीची खिमटी चालू केलीये. सासूबाई प्रत्येक वाटीत चमचाभर साजूक तूप घालतात, तुपाने डोकं तल्लख होतं म्हणतात, आणि आमचे दीर जिमला जातात त्यांचं म्हणणं की एवढ्याशा पोरीला एवढं फॅट कशाला, आत्तापासून कोलेस्टेरॉल वाढवताय. दोन्हीकडून ऐकून ऐकून मी गेल्या आठवड्यात गुपचूप तूप अर्धं केलं, सत्त्वात थोडं वरचं दूध घालते त्याची सायही काढते. आणि काल कुठेतरी वाचलं की मेंदूच्या वाढीला फॅट लागतं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाहीये. आम्ही शाकाहारी, अंडी फक्त नवरा खातो तीही बाहेर. मग मेंदूला लागतं म्हणतात ते डीएचए, म्हणजे ओमेगा-३ प्रकारचं फॅट, बाळाला मिळणार कुठून? मैत्रीण म्हणते डीएचएवाली पावडर सुरू कर. वजन ७ किलो २०० ग्रॅम आहे, जन्माचं २ किलो ९०० होतं. प्लीज सांगा.

चिंचगूळ
आधी साय काढणं थांबव गं. मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांचंच काम करते, आणि हे मला दर आठवड्याला कुणालातरी सांगावं लागतं.
अंगावरच्या दुधातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरी फॅटच्या असतात, त्यात कोलेस्टेरॉलही असतं, मग बाळाला ते नकोच असतं तर दुधात आलंच नसतं ना. जन्मताना मेंदू साधारण ३५०-४०० ग्रॅमचा असतो आणि वर्षभरात दुपटीच्या वर जातो, मोठ्या माणसाचा १३००-१४०० ग्रॅम, म्हणजे बघ पहिल्या दोन वर्षांत केवढं काम उरकायचं असतं. पाणी सोडून मेंदूत जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त फॅटच. शिवाय याच काळात मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण भराभर चढत असतं, तेही मुख्यतः फॅटचंच, आणि त्याच्यामुळे मेंदूतले निरोप वेगात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ६ महिन्यांपर्यंत ४० ते ६० टक्के कॅलरी फॅटमधून आणि पुढे दोन वर्षांपर्यंत हळूहळू ३५ टक्क्यांपर्यंत असं सांगितलंय. दिरांचं गणित त्यांच्या वयाला बरोबर असेल, अनुला ते लावू नका.
तुपाचं मात्र नीट समजून घे. चमचाभर तुपात ४०-४५ कॅलरी, थोडं अ जीवनसत्त्व. एवढ्याशा पोटात वाटीभर पातळ खिमटी मावत नाही म्हणून तूप घालून तिची ताकद वाढवायची, हे सासूबाईंचं अगदी बरोबर. पण डीएचए त्यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे तूप वाढवलं म्हणजे मेंदूचं सगळं झालं असं नाही. दिवसाला एक-दोन छोटे चमचे पुरे. आणि वरचं दूध वर्षाच्या आत फक्त शिजवण्यात थोडं, प्यायला नको, त्यात लोह फार कमी असतं.

बंदरावरची
आमच्याकडे तर वाटीत तूप तरंगलेलं दिसलं पाहिजे, आजी चार चमचे घालायची आणि आम्ही सगळे धडधाकट आहोत. आणि डीएचएचं म्हणाल तर बांगडा आणि तारली, दोन्ही स्वस्त आणि भरपूर ओमेगा-३. मी मुलाला आठव्या महिन्यात वाफवलेला बांगडा दिला, काटा बोटांनी दोनदा तपासून, भातात कुस्करून. तुम्ही शाकाहारी आहात माहितीये, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहितेय. फक्त मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे बाळांना देऊ नका, त्यांच्यात पारा साठतो.

चिंचगूळ
@बंदरावरची माशाचं एकदम पटलं. चार चमचे मात्र नको हो, तुपानेच पोट भरलं की बाळ डाळ आणि भाजी सोडून देतं, आणि तिथेच लोह आणि प्रथिनं असतात.

जवसचटणी
आम्हीही पक्के शाकाहारी आणि माझी मुलगी ३२ व्या आठवड्यात झाली, त्यामुळे या विषयावर मी रात्र रात्र जागून वाचलंय. बाळाच्या मेंदूत डीएचए सगळ्यात जोरात साठतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणून लवकर जन्मलेल्या बाळांची शिल्लक कमी असते, त्यांचं डॉक्टर वेगळं बघतात. अनु पूर्ण दिवसांची असेल तर तेवढी काळजी नको.
बाळंतपणात जवस, अळिवाचे लाडू खाल्ले असशील, ते चांगलेच, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळं, शरीर त्याचं डीएचए अगदी थोडं बनवतं. त्यात करडई किंवा सूर्यफुलाचं तेल रोज भरपूर असेल तर त्यातलं ओमेगा-६ हे दुसरं फॅट डीएचए बनवणाऱ्या त्याच एन्झाइमसाठी भांडतं, म्हणून आम्ही घरी शेंगदाण्याचं तेल आणलं. आणि माशात तरी डीएचए येतं कुठून, समुद्रातल्या शैवालातूनच, तर त्या शैवालाच्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात. दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला निदान २०० मिलिग्रॅम डीएचए हवं असं म्हणतात, तू घेतलंस की दुधातून तिच्यापर्यंत जातं, आईच्या खाण्याप्रमाणे दुधातलं डीएचए कमीजास्त होतं हे नक्की. डॉक्टरांना विचारून घे.
पावडरचं सांगते. २०१७ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने पूर्ण दिवसांच्या बाळांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, पावडरच्या दुधात डीएचए घातल्याने बुद्धीच्या वाढीत ठोस फायदा दिसला नाही. अंगावरचं दूध चालू असताना ते पैसे घालवू नकोस. आणि खारी, टोस्ट, वनस्पती तुपातली बिस्किटं हातात देऊ नका, भूक मारतात आणि त्यात ट्रान्स फॅट असू शकतं.

पहाटवारा
फॅटच्या नादात लोह विसरू नका एवढंच. पाचव्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला, आणि लोह कमी पडलं तर मायलिनही नीट बनत नाही. माझ्या मुलाचं हिमोग्लोबिन दहाव्या महिन्यात ८ निघालं, दिसायला गुटगुटीत होता म्हणून कुणाला शंकाच आली नाही. लोहाचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले असतील तर चुकवू नका, आणि डाळीवर लिंबू पिळा.

अनुची_आई
सगळ्यांचे खूप आभार, रात्री शांत झोप लागली. साय आजपासून तशीच ठेवली आणि सासूबाईंना सांगितलं की तुमचं बरोबर होतं, त्यांना फार बरं वाटलं. थेंब खरंच आठवड्यापासून राहिले होते, आज सुरू केले. अंड्याचा विषय काढला तर त्या म्हणाल्या भांडं वेगळं ठेवा, नातीसाठी चालेल! मग पिवळा बलक किती द्यायचा पहिल्यांदा?

चिंचगूळ
वा! पूर्ण कडक उकडून, पहिल्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीएवढा, मऊ भातात कुस्करून. सकाळीच दे, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर दिवसा लक्षात येतं आणि डॉक्टर भेटतात. तीन दिवस दुसरं काही नवीन नको. काही झालं नाही तर वाढवत अर्धा बलक, मग पांढराही. बलकात डीएचए थोडं असतंच आणि कोलीनही, ते मेंदूला लागतं.