आईला डिमेन्शिया आहे, पण बाबा मदतनीस ठेवू देत नाहीत. कसं समजवावं?

नमस्कार. आईला अल्झायमर आहे. डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन चालू आहे. या औषधांनी थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे औषधांबद्दल विचारायचं नाहीये. काळजी बाबांची वाटते.

आईचं सगळं तेच करतात. आंघोळ, गोळ्या, शी-शू, सगळं. दिवस कसाबसा जातो, पण संध्याकाळ झाली की आई पर्स खांद्याला लावून दाराशी उभी राहते. "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल." "अगं, हेच तुझं घर" म्हटलं की जास्तच बिथरते. आता बाबा वाद घालत नाहीत. चपला घालतात, "चल, निघू या" म्हणतात, आणि दोघं जिन्यापर्यंत जाऊन परत येतात. बहुतेकदा तेवढ्यावर निभावतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण रात्री ती सारखी उठते आणि तिच्यामागे तेही. हल्ली त्यांना चक्कर येते, बीपी वाढलंय, आणि स्वतःच्या तपासणीत जागरणाचं ते अवाक्षर काढत नाहीत.

मदतीला कुणी ठेवू म्हटलं की एकच उत्तर: "परक्या बाईने आंघोळ घातलेली तिला चालणार नाही." ते खरंही आहे. एक मदतनीस आल्या होत्या, तेव्हा आईने आरडाओरडा केला आणि बाबांनी त्यांना लगेच नको सांगितलं.

दादा लांब राहतो. फोनवर आई दहा मिनिटं अगदी नीट बोलते. "जेवलास का, तब्येत सांभाळ" ही सवयीची वाक्यं अजून शाबूत आहेत. त्यामुळे त्याला वाटतं, आम्हीच बाऊ करतोय.

ज्यांनी घरी हे केलंय त्यांना विचारायचंय: मदतनीस बाईंना आधी नुसतं घरकामाला, गप्पा मारायला बोलवून आंघोळीचं नंतर सोपवलं, तर जमतं का? सवय व्हायला किती वेळ द्यावा? काळजीवाहकांच्या सपोर्ट ग्रुपला वडीलधारी पुरुषमंडळी येतात का, आणि आली तर बोलतात का? दादाला आठवडाभर एकट्याने आईजवळ राहायला सांगावं असं मला फार वाटतं. कुणी केलंय का असं?

जाता जाता एक, इतरांच्या उपयोगाचं. मध्यंतरी आई एक-दोन दिवसांत एकदम बिघडली. भास होऊ लागले, आम्हाला ओळखेना. लघवीचा संसर्ग निघाला आणि अँटिबायोटिकने ती बरीचशी पूर्ववत झाली. असा अचानक बदल दिसला तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठलं दुखणं, नवी गोळी, हे लगेच तपासून घ्या.

आणि रात्रीचं तुम्ही काय करता? झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर ती द्यायला तयार नाहीत. आळीपाळीने जागायचं, तर बाबा मला उठवतच नाहीत.