मदत हवी आहे: डीएससीचे (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी) दोन आलेख जुळत नाहीत, ८० अंशांवर सुकवू का?

नायट्रो गट असलेलं एक सेंद्रिय संयुग आहे, २०० ग्रॅम ओली पावडर. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसला सुकवायची आहे. डीएससी दोनदा केली, मिनिटाला १० अंश. झाकणाला भोक असलेल्या ॲल्युमिनियम पॅनमध्ये २१५ अंशांना छोटा उंचवटा आला, १८० जूल प्रति ग्रॅम. बंद पॅनमध्ये १९० पासून सुईसारखं शिखर, १४०० जूल, आणि पॅन फाटलं. कोणता आकडा धरू? विघटन सुरू होतं त्याच्या १०० अंश खाली राहावं, या ढोबळ नियमाने १९० मधून १०० वजा केले की ९० उरतात, मग ८० चालेल ना?

उत्तर १
तूर्त ओव्हन लावू नका. भोकातून पदार्थ वाफ होऊन निघून गेला आणि जाताना उष्णताही घेऊन गेला, म्हणून १८० हा आकडा सोडून द्या. फाटलेल्या पॅनचे १४०० सुद्धा पुरे नाहीत, खरी ऊर्जा त्याहून जास्त असू शकते. सोन्याचा मुलामा दिलेली उच्चदाबाची क्रूसिबल (दाब सहन करणारी छोटी बंद कुपी) घ्या, २-३ मिलिग्रॅम, मिनिटाला ५ अंश. आधी आणि नंतर वजन करा. वजन घटलं असेल तर ती चाचणी बाद. ५०० जूलच्या वर गेलात की आघात आणि घर्षण चाचण्या करून घ्यायलाच हव्यात.

मला जास्त काळजी त्या सुईची वाटते. असं अरुंद शिखर बहुधा स्व-उत्प्रेरक विघटनाचं (तयार झालेलं द्रव्यच पुढचं विघटन वेगाने घडवतं) असतं आणि तिथे १०० अंश वजा करण्याचा नियम दगा देतो. १६० आणि १७० ला स्थिर तापमानावर आठ-दहा तास ठेवून पाहा. बराच वेळ सपाट रेघ आणि मग घंटेसारखा फुगवटा दिसला, तर शंका खरी. आम्लाचा किंवा लोखंडाचा अंश राहिला असेल, तर ती सपाट रेघ आखूड होते. म्हणून शुद्ध केलेला नमुना नको; ओव्हनमध्ये जाणार आहे तोच तपासा. शिवाय ३ मिलिग्रॅमची उष्णता लगेच निघून जाते, २०० ग्रॅमच्या ढिगाच्या पोटात ती साठत राहते.

प्रश्नकर्ता
क्रूसिबल मिळतील. भरताना काय जपायचं?

उत्तर २
कडा. झाकण बसतं तिथे पावडरचा एक कण जरी राहिला, तरी आवळताना तो धातूच्या दोन पृष्ठांमध्ये रगडला जातो. ओलसर मऊ कापडाने कडा पुसा, भिंगातून बघा, मगच झाकण लावा. स्पॅच्युला धातूचा नको, शरीरावरचा स्थिर विद्युतभार आधी जमिनीत सोडा, गुठळ्या खलात कुटू नका. चाचणीनंतर आत दाबाखाली वायू असतो. क्रूसिबल पूर्ण थंड होऊ द्या आणि संरक्षक ढालीमागेच उघडा.

बाकीची पावडर निकाल येईपर्यंत ओलीच राहू द्या. तिच्या डब्याचं झाकण स्क्रूचं नको, फिरकीच्या आट्यांत पावडर अडकते.